आलेखावरचा उंचवटा

४ मार्च, सोमवार
चिमणीच्या – प्रयोगशाळेतल्या नव्या पोरीला मी मनात हेच म्हणते – आलेखावर उंचवटा आला. उणे सव्वादोनशे अंशांवर तिच्या तुकड्याचं चुंबकत्व एकदम वर उसळतं. मिश्रधातू तोच, निकेल आणि मँगनीजचा – जो मी सहा वर्षं वितळवतेय, गोठवतेय, मोजतेय. माझी रेघ जन्माची सपाट. हिला येऊन चार महिने झालेत! सरांनी तिचा आलेख स्वतःच्या दारावर चिकटवला. माझा कागद कधी चिकटवला नाही.

७ मार्च
भाजी करपवली. नवरा म्हणाला, "चांगली पोरगी आहे गं ती. ताई ताई करते तुला."
तेच तर जास्त झोंबतं.

१० मार्च, रविवार
प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. तिचा तुकडा काढला, मशीनच्या नळीत ठेवला, नळीतली हवा पंपानं तासभर उपसली आणि पुन्हा मोजला. उंचवटा गायब. म्हणजे तिच्या वेळी नळीत हवा राहिली होती. हवेतला ऑक्सिजन गोठला, आणि तो चुंबकाला दाद देतो. मशीननं तोच मोजला. धातूचा काही संबंधच नाही.
घरी गुणगुणत आले. कित्येक महिन्यांनी इतकं हलकं वाटलं. लाज वाटायला हवी होती, नाही वाटली.

११ मार्च, सोमवार
शुक्रवारी ती बाहेरच्या पाहुण्यांसमोर बोलणार आहे. जेवायच्या सुट्टीत आली. "ताई, एकदा ऐकता का? काही चुकत असेल तर सांगा हं."
सगळं ऐकलं. "छान झालंय," म्हणाले.
पडू दे तोंडावर. मलाही कुणी सावरलं नव्हतं.

१३ मार्च
आज ती रिकाम्या खोलीत एकटीच भाषणाचा सराव करत होती. उद्या सांगते.

१४ मार्च
नाही सांगितलं. दिवसभर समोरच बसली होती.

१५ मार्च, शुक्रवार
ती उभी राहिली. पहिलंच वाक्य – "हा उंचवटा खोटा आहे. नळीत हवा राहिली होती. आमच्या ताईंनी रविवारी येऊन ही चूक पकडली."
प्रत्येक मोजणीची नोंद मशीनवर राहते, मोजणाऱ्याच्या नावासकट. माझ्या डोक्यातच आलं नाही. सोमवारी ती माझ्याकडे आली, ती नोंद वाचूनच.
पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, "अहो, उभ्या राहा की."
उभी राहिले. तिच्याकडे बघवेना.