गाडीला जागा होती

अण्णा, आज सकाळी जावई म्हणाले, "आई, बाळाच्या गाडीला जागा नाही," आणि म्हणून मी हे लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला लिहावं असं कधी वाटलं नाही. मला असल्या गोष्टींना वेळ नसतो, हे तुम्हाला ठाऊक आहे.

तुमची नात पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली होती. तीच, जिच्यासाठी तुम्ही स्वतःच्या हातांनी गाडी केली होती. मुलगी झाली, सिझेरियन करावं लागलं. सव्वा महिना मी तिला खोलीबाहेर पडू दिलं नाही. शेक, धुरी, डिंकाचे लाडू, सगळं वेळच्या वेळी. माझ्या शिस्तीत काही कमी पडलं नाही, पण लेक भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली. विचारलं की "काही नाही". शेवटी परतूरच्या डॉक्टरबाईंनी मलाच सुनावलं, "किती दिवस कोंडून ठेवणार? रोज मोकळ्या हवेत चालू द्या, बाळासकट. पण कडेवर घेऊन लांब जायचं नाही." जावयांनी पुण्याहून बाळाची गाडी पाठवली. दिसायला देखणी, चाकं मात्र लिंबाएवढी. आमचं घर मळ्यात, डांबरी रस्त्यापर्यंत काळ्या मातीची गाडीवाट. पंधरा पावलांवर पुढची चाकं चाकोरीत रुतली, गाडी कलली, बाळ दचकून रडलं. त्याला काही लागलं नाही. लेक मात्र बांधावर बसली आणि म्हणाली, "आई, मला एवढंसुद्धा जमत नाही." तिचा तो आवाज ऐकून मी घाबरले, अण्णा. मी सहसा घाबरत नाही.

दुसऱ्या दिवशी पाच किलो ज्वारी पिशवीत भरून मी नवीन जालन्यात बाळगाड्यांच्या दुकानात गेले. बाळाचं वजन तेवढंच होतं. दुकानदाराने विचारलं, "बाई, गाडी फिरवायची कुठं, घरात का शिवारात?" म्हटलं, शिवारात. "मंग बारीक चाकं बिलकुल बघू नका. ही तीन चाकी घ्या, हवा भरायची. वजनाला जड हाय, पण मजबूत." मी अंगठ्याने टायर दाबून पाहिले. बाळ अजून मान धरत नव्हतं, म्हणून पाठ सपाट होते का ते पाहिलं. मग ज्वारीची पिशवी आत निजवून पट्टा आवळला. तो हसायला लागला. "बाई, ज्वारीला पट्टा कशाला?" मी म्हटलं, "सैल आहे म्हणून बाळ सांगणार आहे का?" दुकानासमोर रस्त्याच्या कामाची खडी पडली होती. तिच्यावरून गाडी दोनदा नेली, उतारावर ब्रेक लावून सोडून पाहिली. लोक थांबून बघत होते. बघू दिलं.

लोकांनी बघितलेलं एकदा मला सोसलं नव्हतं. तुम्ही अंगणात उकिडवे बसला आहात. तुमच्या सायकलची दोन्ही चाकं, मधे बाभळीच्या लाकडाची पेटी, आत आईच्या लुगड्यांची गोधडी, मागे ढकलायला लांब दांडी. दोन महिन्यांची लेक घेऊन मी सासरी निघाले आहे, तिथे माझी शाळेतली नोकरी आहे. तुम्ही विचारता, "सासरी रस्ता कसाय बाई? लेकराला कडंवर घिऊन रोज दोन मैल चालशील कशी?" मी सांगते, रस्ता चांगला आहे. तो आजच्याइतकाच वाईट होता. तुम्ही म्हणता, "तरी ने. चाक बारीक असलं की वाट लांब व्हती. हे मोठं हाय."

कुंभार पिंपळगावच्या स्टँडवर तुम्ही ती गाडी स्वतः ढकलत आणली. बाजाराचा दिवस होता. एक म्हातारी म्हणाली, "काय दादा, भाजी इकायला निघाले का काय?" तुम्ही हसून म्हणालात, "न्हाई, नातीचा रथ हाय." मी बी. ए. झालेली, मास्तरीण, आणि मला जमिनीत जावंसं वाटलं. तुम्ही माझ्यासाठी पाणी आणायला गेलात तेवढ्यात कंडक्टर म्हणाला, "द्या ताई, टपावर बांधू." मी म्हटलं, "नको. वडिलांना सांगा, जागा नाही." त्याने तसं सांगितलं. तुम्ही मान वर करून टपाकडे पाहिलं. टपावर एक ट्रंक होती आणि दोन पोती. बाकी सगळा टप मोकळा. तुम्ही म्हणालात, "बराबर हाय. जागा न्हाई." आणि गाडी वळवून घेतलीत.

ती चाकं तुम्ही परत सायकलला लावली नाहीत. आई म्हणायची, लावा की. तुमचं एकच, "लेकराची वस्तू मोडू न्हाई." पुढे कितीतरी वर्षं तुम्ही बाजाराला पायी गेलात. मी लेकीला कडेवर घेऊन शाळेत गेले, ती डावी कंबर अजून दुखते. पत्रातून खरं सांगायचं दोनदा मनात आलं होतं. पण तुम्हाला वाचता येत नव्हतं. माझी पत्रं गावातले मास्तर पारावर मोठ्याने वाचून दाखवायचे, आणि हे त्यांच्या तोंडून तुम्ही ऐकावं असं मला वाटेना. आजही हा कागद कपाटातच राहील.

नवी गाडी रुतली नाही. पहिल्या दिवशी लेक विहिरीपर्यंत गेली, आठवड्याने डांबरी रस्त्यापर्यंत. मी चार पावलं मागे राहायचे. एकदा चाक ढेकळावरून गेलं, बाळ झोपेतच हललं, आणि लेक एकटीच हसली. घरी येऊन मी देवापुढे दिवा लावला, दिवस कलला नव्हता तरी.

आज पाठवणी होती. जावयांनी जागा नाही म्हटल्यावर मी मोटारीच्या डिकीतून ज्वारीचं पोतं खाली ओढलं. जावई म्हणाले, "आई, पुण्यात अशी ज्वारी मिळत नाही." मी म्हटलं, "मग पोळ्या खा." गाडीची घडी करून मी स्वतः आत बसवली. निघताना लेकीने विचारलं, "आई, मी लहान असताना होती का गं मला अशी गाडी?" मी सांगितलं, होती, तुझ्या आजोबांनी केली होती. ती म्हणाली, "मग गेली कुठं?"

मी म्हटलं, "यष्टीत जागा नव्हती."

लेकीला पाठवणीत दिलं ते असं: दुपटी सहा, झबली आठ, चांदीच्या वाळ्यांचा जोड एक, डिंकाच्या लाडवांचा डबा एक, बाळंतशोपेची पुडी एक. आणि गाडी एक, तिन्ही चाकांत हवा भरून.