कमरेच्या हाडावर बसणारा पट्टा

आप्पा, तुमची नात पोलिसात आहे. वर्दीतली नाही, साध्या कपड्यातली. नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या रस्त्यांवरून ती सायकलनं हिंडते, कोपऱ्यावर कॉफी पीत उभी राहते, आणि जाकिटाखाली उजव्या कमरेला पिस्तूल आहे हे कुणाला कळू नये एवढं तिला सांभाळायचं असतं. इथे पोलीस सोडून कुणी असं हिंडत नाही. आपल्याकडे कारखान्याचे चेअरमन, डॉक्टर, पेट्रोलपंपवाले पिस्तुलाचा परवाना काढून तुमच्याकडे त्याचं कव्हर शिवून घ्यायला यायचे, तसं इथे कुणाच्या स्वप्नातही नाही. तुम्ही गेलात तेव्हा ही माझ्या पोटात होती. मी लायडनला पीएचडी करत होते, डॉक्टरांनी विमानात बसू दिलं नाही, आणि तुमचं शेवटचं सगळं मी फोनवरून ऐकलं. म्हणून तुमची तिची ओळख नाही. मराठी तिला सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत येतं, आणि राग आला की डचमध्ये. गेल्या वर्षी तिला माझा फार राग आला होता. ते तुम्हाला सांगायचं आहे.

साध्या कपड्यातल्या तुकडीत घेण्याआधी त्यांची एक परीक्षा असते. शिकवणाऱ्यांपैकी एक जण गावातून फिरतो, आणि कुणाच्या लक्षात न येता दोन तास त्याच्या मागावर राहायचं. कमरेला सरावाचं पिस्तूल, वर नेहमीचं जाकीट. शनिवारचा बाजार भरला होता. तो माणूस मासळीच्या गाडीपाशी थांबला, म्हणून ही पलीकडे सायकल लावायला थांबली. कुलूप घालायला वाकली, वाऱ्यानं जाकीट उडालं, आणि पट्टा ढिला असल्यामुळे कव्हर बाहेरच्या अंगाला कललं. रांगेतली एक म्हातारी भर बाजारात मोठ्यानं म्हणाली, ‘‘अगं मुली, कमरेला काय आहे ते तुझ्या?’’ मासळीवाला बघायला लागला, रांग बघायला लागली, आणि तो शिकवणाराही वळला. परीक्षा तिथेच संपली. तीन आठवड्यांनी अजून एक संधी मिळणार होती. तीही गेली तर परत वर्दी.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, ती माझ्याकडे आली. मी स्वयंपाकघरात तांदूळ धूत होते. तिनं पट्टा आणि रिकामं कव्हर टेबलावर आपटलं. पिस्तूल घरी आणत नाहीत, ते ऑफिसात कुलपात राहतं. शर्ट जरासा वर करून तिनं मला कमरेच्या हाडावर उमटलेला हिरवा-निळा डाग दाखवला आणि म्हणाली, ‘‘आई, आय थिंक माय बॉडी इज राँग फॉर धिस. टीममधल्या मुलांना काही होत नाही. इट्स माय हिप्स.’’ चार वर्षं ती या तुकडीसाठी झटत होती.

मी हात पुसले आणि कव्हर उचललं. कडक काळं प्लास्टिक, टाका एकसुद्धा नाही. आणि आप्पा, विचार करायच्या आधीच माझं बोट चाप येतो त्या जागी गेलं. झाकलेलं आहे ना, कडा दाबून बघितली तरी आत सरकत नाही ना. मग पट्टा उलगडून कव्हरामागच्या फटीतून ओवला. फट रुंद, पट्टा अरुंद, मध्ये माझा अंगठा जात होता. दुमडला तर दुपट्ट्यासारखा दुमडला. दोष कुठे आहे ते मला तेवढ्यात कळलं, आणि कळलं म्हणून घाबरले, कारण आता ती विचारणार होती की तुला कसं कळलं.

पोलीस लाइनीच्या मागचं तुमचं दुकान. मी पाचवीत असेन, शाळा सुटल्यावर दाराशी पोत्यावर बसून गृहपाठ करते आहे. साध्या वेशातले एक फौजदार आले आहेत, बुशशर्ट बाहेर काढलेला, एक खांदा खाली. पँट एका बाजूला ओढली जाते, कव्हर हलतं, म्हणून त्यांना नवं कव्हर हवंय. तुम्ही कातडं कापायची रापी खाली ठेवता. ‘‘साहेब, तुमचं उलटं चाललंय. आधी पट्टा, मग कव्हर. पट्टाच लुळा आसंल तर कव्हर बिचारं काय करणार?’’ मग तुम्ही त्यांना स्टुलावर बसवता, उठवता, उकिडवं बसायला लावता, बुटाची नाडी बांधायला लावता, फळीवरचा डबा काढायला सांगता, आणि स्वतः मागे उभं राहून नुसतं बघता. फौजदार घामाघूम. ‘‘आहो, मी कव्हर घ्यायला आलोय का व्यायामाला?’’ तुम्ही हसत नाही. ‘‘उभ्या माणसाचं कुणीबी लपवंल, साहेब. वाकल्यावर लपलं पायजे.’’

खरं पिस्तूल तुम्ही दुकानात कधी ठेवून घेतलं नाहीत. मालकानं समोर रिकामं करून दाखवायचं, तुम्ही कागदावर त्याची बाह्यरेषा काढायची, आणि तेवढ्यावरून सागाचा ठोकळा तासायचा. ओलं कातडं त्या ठोकळ्यावर दाबून वाळवायचं, म्हणजे ते त्याच आकाराचं होतं. एकदा मोटारीतून एक बडे गृहस्थ आले. त्यांना कव्हर मऊ हवं होतं, खिशात मावेल असं, आणि चाप उघडा, म्हणजे झटकन काढता येईल. तुम्ही नको म्हणालात. ते म्हणाले, ‘‘तुझं काम शिवायचं. शिकवायचं नाही.’’ तुम्ही त्यांचा कागद घडी करून त्यांच्या हातात दिलात. ‘‘चाप उघडा ठिऊन मी शिवत न्हाई. खिशात किल्ली अडकली तर तुमचाच पाय जाईल. दुसरीकडं बघा.’’ ते गेल्यावर तुम्ही धार असलेलीच रापी दगडावर पुन्हा पुन्हा घासत बसलात. मी ते पाहिलं, पण पाहिलं नाही असं केलं, कारण त्या गृहस्थांनी तुम्हाला अरे-तुरे केलं होतं आणि मला तुमची नाही, तुमची मुलगी म्हणून माझी लाज वाटत होती. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

आठवीत शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा धंदा विचारला होता, तिथे मी ‘व्यापार’ लिहिलं. सही करायला तुमच्यापुढे धरला. तुम्ही चष्मा लावून वाचलात, सही केलीत, आणि फॉर्म परत देताना म्हणालात, ‘‘अंगावरचं लपवायला मी लोकांना शिकवतो. तू घरातलं लपवायला कुठं शिकलीस?’’ एवढंच. ओरडला असतात तर मी रडून मोकळी झाले असते. त्यानंतर मी दाराशी पोत्यावर बसायचं सोडलं, आणि तुम्हीही बोलावलं नाहीत. ‘व्यापार’ हा शब्द मात्र मी कॉलेजात नेला, लायडनला नेला, नवऱ्याला सांगितला, आणि मुलीनं लहानपणी विचारलं, आजोबा काय करायचे, तेव्हा तिलाही तोच दिला.

तर त्या रविवारी मी तिला म्हटलं, ‘‘पट्टा लाव. बस. आता ऊठ. उकिडवी बस. बुटाची नाडी बांध.’’ तिनं केलं. मी मागे उभी राहून बघत होते. कव्हराचा वरचा भाग बरगडीत घुसत होता आणि खालचा हवेत होता. ‘‘वरच्या कपाटातला डबा काढ,’’ मी म्हटलं. डबा हातात धरून ती वळली. ‘‘आई, हाउ डू यू नो धिस?’’

इंटरनेटवर वाचलं म्हणता आलं असतं. ओठावर आलंही होतं. मी म्हटलं, ‘‘माझे वडील चांभार होते. पोलिसांचे पट्टे आणि पिस्तुलाची कव्हरं शिवायचे.’’

‘‘यू सेड बिझनेस.’’

‘‘खोटं सांगितलं होतं.’’

मग ती डचमध्ये सुटली. मला वाटलं, मी का लपवलं, जात काय, लाज काय, हे सगळं आता उकरून समजावावं लागेल. तसं ते लागलंच, दुपारभर लागलं, आणि तिला त्यातलं निम्मं पटलं नाही. पण तिचा पहिला राग निराळाच होता. ‘‘चार वर्षं मी बंदूक लावते! चार वर्षं माझी कंबर दुखते! आणि तुला माहीत होतं की माझा आजोबा हेच काम करायचा?’’ डाग दाखवत ती ओरडत होती, आणि मला रडू येत असतानाच हसू फुटलं. ती थांबली, नाक पुसलं, आणि पट्टा माझ्यापुढे ढकलला. ‘‘शो मी.’’

आप्पा, मला तुमचा तो पोटवाला हवालदार आठवला. पोट पुढे, त्यामुळे सरळ पट्टा त्याच्या अंगावर बसायचाच नाही, वरची कड रुतायची आणि खालची सुटायची. तुम्ही त्याच्यासाठी कातडं सरळ न कापता बाक देऊन कापलं होतं, म्हणजे पट्टा पोटाखालून हाडावर टेकेल. बाईची कंबर वर निमुळती आणि खाली रुंद, तिलाही तोच बाक हवा. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘सो आय हॅव द हिप्स ऑफ अ फॅट पोलीसमॅन,’’ आणि आम्ही दोघी टेबलावर डोकं टेकून हसलो.

घोड्याचं सामान विकणाऱ्या एका दुकानातून जाड कमावलेलं कातडं आणलं. भोकं पाडायची आरी, मेण लावलेला दोरा, सगळं तिथेच मिळालं. दोन थर, मध्ये एक कडक पट्टी, रुंदी कव्हराच्या फटीइतकी, अंगठा सोडा, कागदही जाऊ नये. बक्कल पोटाच्या मध्यावर न ठेवता जरा डावीकडे घेतलं, म्हणजे सायकलवर वाकताना रुतणार नाही. खऱ्या पिस्तुलाचं वजन तिला पाठ होतं, तेवढे तांदूळ काट्यावर मोजून मी एका फडक्यात घट्ट बांधले आणि कव्हराला दोऱ्यानं आवळले. पट्टा पुरा झाला त्या संध्याकाळी तेवढे तांदूळ लावून ती कालव्याकाठानं सायकल मारून आली. कव्हर हललं नव्हतं. जाकीट मात्र पुन्हा उडालं. या वाऱ्याचा विचार तुम्ही कधी केला नव्हता, आप्पा, तुम्हाला तशी गरजच पडली नाही. इथे पडदे हलू नयेत म्हणून खालच्या शिवणीत शिशाची दोरी घालतात. बैठकीतल्या पडद्यातली मी उसवून काढली आणि तिच्या जाकिटाच्या खालच्या कडेत शिवली. ही माझी युक्ती, तुमची नाही. तेवढं मला मिरवू द्या.

परीक्षेआधी शिकवणाऱ्याला पट्टा दाखवावा लागतो. त्यानं तो दोन्ही हातांनी पिळून बघितला, कव्हर लावून ओढून बघितलं, आणि विचारलं, कुठल्या कंपनीचा? तिनं सांगितलं, ‘‘माझा आजोबा भारतात चांभार होता. कापण्याची पद्धत त्याची, शिवण आईची.’’ ‘चांभार’ हा शब्द तिनं मराठीतच म्हटला, कारण डच शब्दानं नुसता जोडे दुरुस्त करणारा वाटतो, असं तिचं म्हणणं. जो शब्द तोंडातून काढायला मला आयुष्य लागलं, तो तिनं एका वाक्यात सांगून टाकला. शिकवणाऱ्यानं विचारलं, तुझी आई अजून एखादा करेल का, त्यांच्या तुकडीतल्या आणखी दोन बायकांना हाच त्रास होता. आणि दुसऱ्या वेळी ती पूर्ण दोन तास त्या माणसाच्या मागे राहिली, वाकली, बसली, वाऱ्यातून गेली. त्यानं शेवटी वळून तिला शोधलं तर ती त्याच्या शेजारच्या बाकावर सफरचंद खात होती.

आता ती रोज कामावर जाते. मला भीती वाटत नाही असं नाही. रात्री उशीर झाला की फोन बघते. पण सकाळी तिच्या कमरेला आपल्या घरचं काम आहे एवढं मला माहीत असतं, आणि त्यानं माझा दिवस बरा जातो. त्या दोन बायकांचे पट्टे मी केले. तिसरी मागच्या रविवारी माप द्यायला आली होती, तिला मी फळीवरचा डबा काढायला लावला.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही, आणि मुलीलाही मी ते दाखवणार नाही, निदान अजून काही दिवस. न दाखवण्याचं कारण एकच. तिला दिलेला पट्टा पहिला नव्हता. पहिला मी बिघडवला होता. घाईत बाक उलटा कापला, टाके वाकडे आले, आणि रागानं मी आरी पट्ट्यातून आरपार घातली. तिनं विचारलं तेव्हा मी सांगितलं की कातडंच खराब निघालं. कातडं उत्तम होतं, आप्पा.