न्हाणीचं दार

१२ सप्टेंबर १९७४
हातोडीचं चित्र काढून झालं! जुन्या बाजारातून खिळ्यांसकट फळी आणली, मागच्या कोळशाच्या खोलीत टेकवली आणि आमच्या साहेबांनी हातोडी तिच्यावर धरून कडेनं रेघ मारली. म्हणजे प्रत्येक हत्याराची जागा ठरलेली. रेघ अशी की हातोडी आहे का वांगं, कळेना. दोन महिने झाले गिरणीतून रिटायर होऊन. उद्योग हा!

१३ सप्टेंबर
आज पकड आणि दोन पान्यांची चित्रं.

१५ सप्टेंबर
न्हाणीचं दार श्रावणापासून भिंतीला टेकवून ठेवलंय. बिजागऱ्या गंजून तुटल्या. नव्या आणल्या, त्या पुडीतच आहेत. दाराच्या जागी गोणपाट. मी कशीबशी उरकते, पण बाविसला आमची लेक दानम्मा येतेय दुधनीहून, पहिल्या बाळंतपणाला. अंगणात चार बिऱ्हाडं, आणि सातवा महिना लागलेली पोर गोणपाटाआड अंघोळ करणार?

सांगितलं तर म्हणाले, आधी हत्यारं जागेवर लागू देत.

१६ सप्टेंबर
आज पितळी बिल्ले आले! हत्यार घ्यायचं तर त्याच्या खिळ्याला आपला बिल्ला अडकवायचा. गिरणीत तशी पद्धत होती म्हणे. नारळ फोडायला हातोडी घेतली तर मलाही बिल्ला! घरात माणसं दोन. हत्यार हरवलं तर चोर कोण, ते शोधायला बिल्ला कशाला लागतो?

१८ सप्टेंबर
आज सगळ्या कानशी तेलानं पुसल्या. गेल्या आठवड्यातही पुसल्या होत्या. असला रिकामटेकडा माणूस अख्ख्या सोलापुरात सापडायचा नाही.

सुतार बोलावते म्हटलं. तर केवढा राग! "फिटरच्या घरचं दार दुसऱ्यानं बसवायचं व्हय?"
मग बसवा ना! तर उठून कोळशाच्या खोलीत गेले. स्क्रू निवडायला.

२० सप्टेंबर
परवा पोर येणार. दार तसंच. मी बोलणं सोडलंय.

२१ सप्टेंबर
हे भाजीला गेले होते, तेवढ्यात गिरणीतले महादेवप्पा आले. फळी बघून हसले. म्हणाले, हत्यारखोलीत असंच लावायचा मल्लप्पा. मी म्हटलं, हे तर फिटर, हत्यारखोलीत कशाला?
"तीन वर्सं तितंच बसवलं हुतं की, वैनी. हात लई कापतोय त्याचा. तुमाला ठाव न्हाय?"
"ठाव हाय की," म्हटलं.

ठाऊक कुठलं! तीन वर्षं बशी सोडून पेल्यातून चहा घेतात, तर मी त्याला नखरे म्हणायचे. चार बायकांत नक्कल करून दाखवली होती. आज माझीच मला लाज वाटली. रिकामटेकडा म्हणून लिहिलंय वर. खोडणार नाही, राहू दे डोळ्यांसमोर.

२२ सप्टेंबर
सकाळी बिजागऱ्यांची पुडी घेऊन मीच कोळशाच्या खोलीत गेले. म्हटलं, ह्याला कुठला स्क्रूड्रायव्हर लागतो?  त्यांनी फळीवरचा काढून दिला. त्यांनी दार खांद्यानं रेटून धरलं, स्क्रू मी फिरवले. एक तिरका गेला.

संध्याकाळी दानम्मा आली. न्हाणीतून येऊन तिनं विचारलं, "अव्वा, दार कुणी बसवलं?"
हे समोरच बसले होते.
"तुझ्या अप्पांनी," म्हटलं.