उभी पाटी

४ नोव्हेंबर

पोचलो एकदाचे! भाड्याची खोली तिसऱ्या मजल्यावर, खिडकीतून दिसते ती दुसऱ्याची खिडकी. माझं काम नात सांभाळणं. सूनबाईचं काम – परिषदेत देशोदेशीची माणसं हवामानावरून कशी भांडतात ते बघणं. कोण कुणाशेजारी बसतं, कोण कुणाकडे बघून बोलतं, सगळं आपल्या अभ्यासासाठी टिपायचं. पण मध्ये पडायचं नाही. निरीक्षकाचा पास याच अटीवर मिळतो. मी म्हटलं, कार्यात गप्प बसणारी आत्या मी तरी पाहिली नाही. हसली.

५ नोव्हेंबर

नातीला दात आला! पहिला प्रयोग माझ्या बोटावर.

६ नोव्हेंबर

जेवताना सूनबाईनं गंमत सांगितली. मसुद्यातला जो शब्द पटत नाही, तो म्हणे चौकटी कंसात कोंडून ठेवतात. मग तो सोडवायला दिवसच्या दिवस खलबतं. म्हटलं, तुझ्या सासूबाई असत्या तर माझं अख्खं बोलणं कंसात गेलं असतं.

तिच्या बोलण्यात एक बाई सारखी येते. एवढ्याशा बेटाची प्रतिनिधी, देशातून एकटीच आलेली. बैठका तीन खोल्यांत, बाई एक! इकडे बसावं तर तिकडे डाव साधतात. मोठ्या देशांची माणसं पाळीपाळीनं येतात, ताजीतवानी.

७ नोव्हेंबर

सूनबाई पांढरीफटक होऊन आली. बेटवाली बाई शेजारच्या बैठकीला धावली, जाताना हिला म्हणाली, सामानाकडे बघ. तेवढ्यात अध्यक्षांनी विचारलं, बुडत्या गावांच्या मदतीचं कलम वगळायला कुणाची हरकत? हातोडी उचललीसुद्धा; ती आपटली की निर्णय पक्का. बेटाच्या नावाची पाटी टेबलावरून घसरली, हिनं उचलून ठेवली – उभी! तिथे उभी पाटी म्हणजे 'आम्हाला बोलायचंय.' हातोडी वरच राहिली. बाई धापा टाकत परतली, बोलली. कलम वाचलं.

पण एका मोठ्या देशाच्या साहेबानं तक्रार केलीय. निरीक्षकानं पाटीला हात लावलाच कसा? पास गेला तर पोरीचा इतक्या वर्षांचा अभ्यास पाण्यात.

म्हटलं, चुकून झालं ना? मग कर नाही त्याला डर कशाला.

ती नातीच्या झबल्यांच्या घड्या घालत बसली.

८ नोव्हेंबर

पास वाचला! चुकून झालं, हे चौकशीत मान्य झालं. बेटवाली बाई खोलीवर आली होती. मला तिची भाषा येत नाही, तिला माझी नाही. तरी मनसोक्त गप्पा झाल्या. नात तिच्या मांडीवरच झोपली. सूनबाईनं मात्र ताट तसंच सारलं.

९ नोव्हेंबर

सकाळी चहा निवत ठेवून म्हणाली, "बाबा, पाटी पडलीच नव्हती. मी उभी केली."

कलमाला आता धक्का नाही, बाई स्वतः बोलली आहे. पण अभ्यासात खोटं लिहिणं हिला जमायचं नाही. खरं काय ते सांगून पास परत द्यायला निघाली. मी नातीला टोपी घातली. म्हटलं, थांब गं, आम्हीही येतो.