आजच्या नैवेद्यापुरते

चि. सौ. गार्गीस अनेक आशीर्वाद.

ज्या दयेने समोरच्याचा आजार पोसला जातो, ती दया आवरणे हेही कर्तव्यच होय. म्हणून आज तुझा स्वयंपाक सुरू होण्याआधीच मी घाटकोपरला माझे स्नेही नंदकिशोर यांच्याकडे जात आहे. रागावलो आहे असे मुळीच समजू नकोस.

पुन्हा पुन्हा हात धुऊन तू विचारतेस, "बाबा, माझ्या हातून तुमचं सोवळं मोडलं नाही ना?" मी "नाही गं" म्हणतो, आणि आमटीला उकळी येण्याआधी तू परत दारात उभी असतेस. "तुमचं 'नाही' हीच माझी गोळी झालीय," असे परवा तू हसून म्हणालीस. तुझ्या डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितले: माझ्या उत्तराने शंका क्षणभर निजते आणि अधिक बळकट होऊन उठते. हा मेंदूचा विकार आहे, काही अंशी रक्तातून आलेला. त्यात तुझे पाप नाही, श्रद्धेची उणीवही नाही.

त्यांनी दिलेली गोळी मात्र चुकवू नकोस. हात एकदाच धू, नैवेद्य दाखव, आणि जी धास्ती वाटेल ती वाटू दे. ती न धुताही ओसरते, असे बाई म्हणाल्या आहेत. माझा फोन घरीच ठेवला आहे.

दुपारी येऊन नैवेद्याचे ते ताट मी जेवीन. मी काही विचारणार नाही, तूही काही सांगू नकोस. माझ्या सोवळ्याची काळजी देवावर सोपव.

तुझ्या मनाला विसावा लाभो, आणि तुझ्या हातांनाही.

— बाबा