आठ ओहमचा भोंगा

२ फेब्रुवारी

आठ भोकं आणि सात स्क्रू! इतिहास या अन्यायाची दखल घेणार नाही, म्हणून मीच घेते. बारा इंची स्पीकर दिल्लीहून हट्ट्यापर्यंत सुखरूप आला, आणि कुण्या महाभागाला पिशवीत आठवा स्क्रू टाकवला नाही. सातांवर बसवला. आठवं भोक माझ्याकडे टक लावून बघतंय.

आणि बसवून मिळालं काय? गोधडीखालून कुणी खोकावं तसा आवाज. सेहेचाळिसाव्या वर्षी माळ्यावरची गिटार खाली काढली, रतनसिंगकडून पाच वॅटचा व्हॉल्व्हवाला अँप बांधून घेतला, तो हे ऐकायला? सासूबाई — पंचफुलाबाई, वय ऐंशी, कान दुर्दैवाने शाबूत — ओसरीतून म्हणाल्या, "संगिता, काहून रडवून राहिली त्या पेटीला?"

३ फेब्रुवारी

शाळा सुटल्यावर स्पीकर घेऊन रतनसिंगच्या दुकानात. गावातले रेडिओ, मिक्सर, देवळाचे भोंगे, तीस वर्षं सगळ्यांचा डॉक्टर तोच. माझा अँपही त्याने एका मेलेल्या रेडिओच्या पोटातून जन्माला घातलाय. स्पीकर उलटा केला, कागदावर टिचकी मारली.

"बाई, हा डीजेचा हाय. ह्याचा कागद म्हंजे पुठ्ठा. तुमचे पाच वॅट ह्याला गुदगुल्या करून राहिले."

"पण वर लिहिलंय की पाचशे वॅट!"

"ते किती सोसतो ते लिहिलंय. किती बोलतो ते न्हाई."

हे वाक्य मी पेपरातल्या माझ्या रविवारच्या सदरात एखाद्या पुढाऱ्याला चिकटवणार. (लोक म्हणतात, बाईंची जीभ तिखट. जीभ नाही हो, उधारी!)

मग ओहमचा, म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचा, धडा. माझ्या अँपला चार ओहमचा स्पीकर पाहिजे, हा आठचा. "दुप्पट-निम्मं चालून जातं, बाई. त्याच्या पल्याड गेलं की आतला ट्रान्सफॉर्मर बसतो. बराबर जोडी पाहिजे." अँपच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने भला मोठा ४ काढून दिला. गाढवालाही कळेल असा.

६ फेब्रुवारी

मनासारखा आवाज नाही. नववी ब वर ओरडले. तो मात्र छान लागला.

९ फेब्रुवारी

मिळाला! रतनसिंगने पोटमाळ्यावरून जुन्या रेडिओतला आठ इंची स्पीकर काढला. कागद पापडासारखा पातळ, कडेला एक ठिगळ. चार ओहम. पेटीच्या पाठीची अर्धी फळी काढून टाकली — "मागून बी श्वास घेऊ द्या की त्याला."

मी एकच तार छेडली. हळू वाजवली तर गोल, मऊ आवाज. जोरात छेडली तर कडेने फाटतो, रडून बसलेल्या गळ्यासारखा. तेच पाच वॅट, आणि खिडकीचं तावदान थरथरलं! हलका कागद कमी ताकदीत जास्त बोलतो, एवढंच त्यातलं गुपित. सासूबाई मेथी निवडायच्या थांबल्या. "आता बोलली बघ," म्हणाल्या.

रतनसिंग तळहात कागदाजवळ धरून उभा होता, चुलीजवळ धरावा तसा.

१२ फेब्रुवारी

सुखाने राहीन तर मी कसली! सोमवारी शाळेचं स्नेहसंमेलन. पटांगणावर तीनशे पोरं, त्यांत हा मऊ गळा विरून जाईल. मला धार हवी. रतनसिंग चार दिवस नांदेडला गुरुद्वाऱ्यात सेवेला. थांबवेना.

देवळाचा एक जादा भोंगा पडून असतो, तो कमिटीच्या जगनकडून मागून आणला. "न्या की मॅडम. फक्त वापस करा." भोंग्याच्या मानेवर स्पष्ट लिहिलेलं: ८ ओहम. चारच्या दुप्पट. म्हणजे चालून जातं!

लावला. डब्यात डास अडकल्यासारखा आवाज. वाढवला. तरी डास. पार शेवटपर्यंत पिळला, दहा मिनिटं. जळका वास आला, पण मागच्या शेतात हळद शिजवणं चालू आहे, दिवसभर पऱ्हाट्यांचा धूर. खिडकी लावून घेतली. जमेना, तेव्हा भोंगा काढून आपला रेडिओवाला स्पीकर जोडला. किंचित घरघरला. संध्याकाळी भोंगा जगनला परत.

१६ फेब्रुवारी

दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर अँप किंचाळला. मग धुराची एक बारीक रेघ. मग शांत. कायमचा.

मुख्याध्यापक कानाशी येऊन, "मॅडम, हे कार्यक्रमातच आहे का?" पोरांनी टाळ्या वाजवल्या. दिवसभरातल्या सर्वांत मनापासूनच्या.

१७ फेब्रुवारी

रतनसिंग नांदेडहून परतला तो थेट घरी आला. पाठ उघडली, बॅटरी लावून आत बराच वेळ बघत बसला.

"बाई, दुसरं काही लावलं होतं का ह्याला?"

मी म्हणाले, "नाही. काय लावणार?"

भोंग्याचं आठवलं होतं. इथे तरी खरं लिहिते. पण दहा मिनिटांचं काय एवढं! वर पोरांच्या त्या टाळ्या अजून कानात होत्या. त्याने चारही स्क्रू परत लावले, शांतपणे. "मग माझीच चूक असंल," म्हणाला. चहा न घेता गेला.

२२ फेब्रुवारी

सदर छापून आलं. विषय: ग्रामीण विद्वत्ता. नाव कुणाचंच नाही, पण हट्ट्यात व्हॉल्व्हचा अँप बांधणारे आहेत किती! शेवट झकास जमलाय: "मृत्यूचं कारण विचारलं तेव्हा डॉक्टर नम्रपणे म्हणाले, मग माझीच चूक असंल." संपादकांचा फोन, दोन मिनिटं नुसते हसत होते.

२६ फेब्रुवारी

वाक्य गावभर झालंय. बस उशिरा आली की कंडक्टर म्हणतो, मग माझीच चूक असंल. सलूनमध्ये तेच, पिठाच्या गिरणीत तेच. अकरा वर्षांत माझं एकही वाक्य एवढं चाललं नव्हतं.

सासूबाईंना वाचून दाखवलं. हसल्या. मग म्हणाल्या, "त्या माणसानं तुला पेटी बोलती करून दिली होती, व्हय ना?" आणि परत मेथी.

३ मार्च

हनुमान जयंतीच्या साऊंडचं काम यंदा नांदेडच्या पार्टीला. तीस वर्षं हे काम रतनसिंगचं. देवळाच्या शिखरावर चढून भोंग्याचं तोंड कुठल्या गल्लीकडे किती वळवायचं, ते त्यालाच माहीत. कमिटीनं काढलं म्हणायचं त्याला. माझ्या एका सदरावरून? लोक इतके वाचतात कधीपासून!

दुकानावरून गेले. उघडं होतं, गिऱ्हाईक नव्हतं. मी मान फिरवून मोबाइल बघितला.

७ मार्च

गिटार भिंतीकडे तोंड करून ठेवलीय. या खोलीतून त्या खोलीत. वह्या तपासायला घेतल्या, तीनदा तोच निबंध.

८ मार्च

अँप परभणीला संतराम मेकॅनिककडे नेला. सत्तरीचा गृहस्थ, जाड भिंग. आत बघताक्षणी म्हणाला, "स्पीकर न लावता जोरात वाजवला का हा?"

"नाही. भोंगा लावला होता. आठ ओहमचा."

"भजनाचा?" आणि हसायलाच लागला. "अहो बाई, आठ ओहम हाय ते आतल्या युनिटचं. त्या भोंग्याच्या बुडाला टोपणात आणखी एक ट्रान्सफॉर्मर असतो, लांब तारेवर चालवायला. त्याच्यामुळं बाहेरून ते हजाराच्या घरात जातं. तुमच्या अँपला वाटलं, समोर कुणी न्हाईच! मग आतल्या आत जळलं बिचारं." त्याने व्हॉल्व्हच्या सॉकेटवरची काळी रेघ दाखवली. "ठिणगी उडाली त्याची खूण. कुण्या बी मेकॅनिकला पहिल्या नजरेत कळतंय."

पहिल्या नजरेत. रतनसिंग बॅटरी धरून बराच वेळ बघत होता.

एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली. बसवेना.

१० मार्च

चार वेळा सदर लिहायला घेतलं. चारही वेळा त्यात मी विनोदी दिसते. फाडलं.

१२ मार्च

आरतीनंतर देवळात कमिटीची बैठक. सात पुरुष, एक सतरंजी. उभ्यानंच सांगितलं: अँप मी जाळला, तुमच्याच भोंग्यानं. रतनसिंगभाऊंची चूक नव्हती. त्यांचं काम त्यांना परत द्या.

जगन पायाच्या अंगठ्याशी चाळा करत होता. "मॅडम, भोंग्याचं त्यांना माहीत हाय. ते नांदेडहून उतरले तवाच स्टँडवर मीच बोललो, मॅडमनी नेला होता म्हणून."

म्हणजे मला विचारायच्या आधी!

"आन् आमी कुठं काढलं त्यांना? तेच म्हणले, यंदा दुसरा बघा. शिखरावर चढलो की खालून पोरं ओरडतात..." माझंच वाक्य, मला सांगायची त्याला लाज वाटली.

तिथून सरळ दुकानात. रतनसिंग इस्त्रीची वायर जोडत होता. सगळं सांगितलं. मान वर न करता ऐकलं.

"माहीत होतं, तर बोलला का नाहीत?"

"तुमी न्हाई म्हणल्या ना, बाई. मास्तरीणबाईला खोटं कसं म्हणायचं?"

त्याच्या इस्त्रीच्या वायरचं दुसरं टोक मी धरलं.

"नांदेडवाल्याला नाही म्हण, असं सांगते जगनला. तुम्ही चढा वर."

"पोरं हसतील."

"हसू देत. मी असेन तिथं."

१५ मार्च

सदर: साडेचार ओळी. काय लावलं, काय जळलं, कुणी जाळलं. माझ्या नावासकट. संपादक म्हणाले, "बाई, यात गंमत कुठंय?"

१ एप्रिल

उद्या हनुमान जयंती. सकाळी सातपासून देवळात. रतनसिंग शिखरावर, भोंगे बांधतोय. मी खाली शिडी धरून. साडी पार मळली. अख्खी गल्ली जमलेली, पोरं दात काढून बघत होती — वर नाही, माझ्याकडे. साडेनऊपर्यंत शिडी धरली. हात सोडला नाही.