अकोल्याहून सर्व्हरपर्यंत

मंगळवार, संध्याकाळी सात

आज मी वर्कशॉपातल्या मधुरावर फोनवर ओरडलो. मला गप्प का बसवत नाही?

तिची आई आजारी, म्हणून ती अकोल्याला घरी गेलीय. शेठ म्हणाले, "इथं नागापूरला वर्कशॉपात येणार असेल तरच नोकरी." मी तडकून बोलून गेलो, "मशीनच्या प्रोग्रामचे सगळे जुने-नवे बदल ज्या सर्व्हरवर आहेत, तिथं ती घरून पोचेल. सुरक्षित. आजच करून दाखवतो."

पासवर्ड बंद केला, तो अख्ख्या वर्कशॉपला पाठ आहे. तिला म्हटलं, डिजिटल किल्ली बनव. दोन फायली तयार होतात. एक स्वतःजवळ जपायची, दुसरी मला पाठवायची. तिनं जपायचीच व्हॉट्सॲपवर पाठवली.

मी फोन लावून ओरडलो, "डिग्री घेऊन एवढं कळत नाही?"

"डिग्री अर्धवट सोडूनही तुला कळलं, म्हणून शेफारू नकोस. परत बनवते."

ती फाईल मी पुसली. जरा वेळ लावूनच पुसली, खोटं कशाला लिहू. तिनं विश्वासानं मला पाठवलेली पहिलीच गोष्ट.

सहाला नवी किल्ली लागली. तिनं अकोल्यात केलेला बदल इथं स्क्रीनवर आला. शेठ म्हणाले, "बरं. राहू दे तिला घरी."

मग डोक्यात उजेड पडला. आता ती इथं येणारच नाही, आणि हे मीच केलं.

तेवढ्यात तिचा मेसेज आला. "आई विचारतेय, एवढं ओरडत होता तो कोण? रविवारी जेवायला बोलव म्हणतेय."

पहिल्या एसटीची वेळ विचारून आलोय. तिच्या आईसमोर आवाज चढवायचा नाही. तेवढं जमलं पाहिजे.